सुरळीतलं पान

दादाजी आपल्या सुनेशी बोलत नसे. भांडण नव्हतं, अबोला नव्हता. रीतच तशी होती. सासऱ्यासमोर सुनेनं पदर कपाळापर्यंत ओढायचा आणि सासऱ्यानं जे सांगायचं ते हवेला सांगायचं. हवेतून ते त्याची बायको भागीरथा उचलायची आणि सुनेच्या कानावर घालायची. सून हातभर अंतरावर बसलेली असली तरी यात बदल नव्हता. मागावरून दादाजी म्हणायचा, "कांड्या ओल्या पायजेत म्हणा." भागीरथा म्हणायची, "कांड्या ओल्या पायजेत म्हणते वं." तोवर कौशल्या सूत भरलेल्या ओल्या कांड्या घेऊन उभी असायची. लग्न होऊन तिसरं वर्ष लागलं होतं, पण सुनेचा आवाज दादाजीनं आपल्याशी बोलताना कधी ऐकला नव्हता.

हुडकेश्वर तेव्हा निव्वळ गाव होतं. नागपूर राजधानीचं शहर, पण राजधानीपणाचा वारा इथवर येत नसे. गावाच्या टोकाला कोष्ट्यांची चार घरं होती. शहरातल्या महाल भागातल्या शेठजीकडून सूत आणायचं, लुगडी विणायची आणि पुन्हा महालात नेऊन टाकायची. दादाजीचं घर त्यातलं अगदी शेवटचं. पुढं ओसरी, ओसरीत खड्ड्यातला माग, मागं चूल, आणि न्हाणी समोर, वाटेच्या पलीकडं. मुलगा रुपराव माग सोडून शहरातल्या मिलमध्ये लागला होता आणि सुटीच्या दिवशी सायकलवर यायचा. घरचा माग दादाजीच्या एकट्याच्या दोन हातांवर चालायचा. उजव्यानं धोटा फेकायचा, डाव्यानं झेलायचा, आणि पुन्हा उलट. मिसरूड फुटायच्या आधीपासून हे चाललं होतं.

न्हाणीच्या सांडपाण्यावर एक केळ उभी होती. भागीरथेची सगळी कुरकुर तिच्यापायी होती.

कोष्ट्याच्या अंगणात केळ लावत नाहीत. केळीचा चीक गळताना पाण्यासारखा दिसतो. अंगावर पडला तरी कळत नाही. वाळला की मात्र तिथं काताच्या रंगाचा डाग उमटतो. मग कापड फाटेल, पण डाग हटणार नाही. ज्याचं पोट पांढऱ्या सुतावर आहे त्यानं दारी केळ लावणं म्हणजे कापसाच्या गंजीशेजारी चूल मांडणं. हे कौशल्येलाही ठाऊक होतं, तीही उमरेडच्या कोष्ट्याचीच लेक. पण मागच्या साली तिची माय गेली. तेरवी उरकून ती परतली तेव्हा मांडीवर ओल्या तरटात गुंडाळलेलं केळीचं पिल्लू होतं. उमरेडच्या घरामागं, मायच्या धुण्याच्या दगडापाशी, ती केळ होती. तिथले लोकही मायला नावं ठेवायचे, पण मायनं ती कधी काढू दिली नाही. कौशल्येनं येताच कोणाला न विचारता ते पिल्लू न्हाणीमागं लावलं. भागीरथा बोलायला गेली, तेव्हा दादाजी मागावरून हवेला म्हणाला, "मायची आठवण हाय. राहू द्या."

केळीनं घरात हातपाय पसरले. तिची वाळली पानं जाळून कौशल्या राख करायची, ती राख पाण्यात कालवून वरच्या निवळीत कपडे भिजवायची. दादाजीचं धोतर पूर्वी कधी नव्हतं इतकं पांढरं निघू लागलं. साबणाच्या वडीकडं कोणी पाहीना. खोडावरची सोपटं वाळवून त्यांच्या दोऱ्या निघाल्या, त्यांनी सुताच्या लडी बांधल्या जाऊ लागल्या. सणाला पत्रावळी विकत आणायचं थांबलं. उन्हाळ्यात भागीरथेला लघवीची आग सुरू झाली, तेव्हा शेजारच्या माळ्याच्या वच्छलाबाईनं आपल्या मळ्यातल्या कापलेल्या केळीचा गाभा आणून दिला आणि कौशल्येनं त्याचं पाणी काढून सासूला पाजलं. तीन-चार दिवसांत भागीरथा सुखानं झोपू लागली. पण ते तिनं मान्य केलं नाही. "ताक पिऊन राहिली होती मी, त्यानं उतरलं," असं तिनं वच्छलाबाईला सांगितलं. वच्छलाबाई म्हणाली, "हो वं, माह्या मळ्यात ताकच निघते केळीतून."

त्या श्रावणात झड लागली. झड म्हणजे मोठा पाऊस नव्हे. दिवसरात्र चाळणीतून गाळल्यासारखं पाणी, सूर्य नाही, वारा नाही. कोष्ट्याला अशा पावसाचा जेवढा धाक, तेवढा पुराचा नाही. उभ्या सुताच्या ताण्याला खळ लावून, म्हणजे पाजणी करून, तो उन्हात कडक वाळवावा लागतो. पाजणी नसलेला ताणा मागावर चढवला की धागे पिंजतात आणि घडीघडी तुटतात. चारही घरांचे माग मुके झाले. दादाजी रिकाम्या मागावर बसून बाहेर पाहायचा. हात मांडीवर ठेवलेले असायचे आणि बोटं आपोआप हलायची.

मग एका सकाळी उघाड पडली. चारही घरांनी एकदम रस्त्यावर काठ्या रोवल्या. दादाजीनं पांढरा ताणा वाटभर ताणला, भागीरथेनं खळ शिजवली, आणि दिवसभर दोघांनी कुंच्यानं खळ बसवली. दुपारी कौशल्येनं जेवणासाठी दोन पानं कापली. न्हाणीकडून ओसरीकडं यायला ताण्याखालून वाकून जावं लागत होतं. ती खांद्यावर पानं टाकून वाकली आणि पलीकडं निघाली. कोणाला काही दिसलं नाही, कारण दिसण्यासारखं काही नव्हतंच.

दुसऱ्या दिवशी ताणा गुंडाळायच्या वेळी ते दिसलं. बोटाएवढे, डाळीएवढे तांबूस ठिपके, ताण्याच्या बरोबर मधोमध, आडव्या रांगेत. एखादी बाई खांद्यावर पानं घेऊन वाकून गेली असेल तशीच ती रांग होती. भागीरथा कपाळावर हात मारून बसली. कौशल्या दारात उभी होती, पदराच्या आत तिचा चेहरा पार उतरला होता.

दादाजी रागावला की ओरडत नसे. त्याचा आवाज आणखी लहान व्हायचा. त्यानं ठिपक्यांवरून अंगठा फिरवला आणि केळीकडं पाहत म्हणाला, "पोळा झाला का ही केळ इथं दिसली नाही पायजे."

"पोळ्यानंतर तोड म्हणते," भागीरथा म्हणाली. त्या दिवशी तेवढंच वाक्य तिनं घाईनं सांगितलं.

दुसऱ्या ताण्याची खळ चुलीवर रटरटत होती. पितळेचा मोठा गंज, ज्वारीच्या पिठाची दाट खळ. तो गंज उतरवायला नेहमी दोघं लागायची, एका कानाला दादाजी आणि एका कानाला भागीरथा. त्या दिवशी दादाजीनं तिची वाट पाहिली नाही. दोन्ही कानांना फडकी लावून त्यानं गंज एकट्यानं उचलला. उजव्या हाताचं फडकं खळीनं निसरडं झालेलं होतं. गंज कलंडला आणि उकळती खळ मनगटापासून बोटांच्या टोकांपर्यंत उजव्या हातावर ओतली गेली.

पाणी सांडलं तर ओघळून जातं. खळ ओघळत नाही. ती पाजणीसाठीच केलेली असते, जिथं पडेल तिथं धरून ठेवते.

दादाजी खाली बसला. हात समोर धरून पाहत राहिला, जणू तो दुसऱ्याचा आहे. भागीरथा चुना शोधायला धावली. कुंपणापलीकडून वच्छलाबाई ओरडली, शेण लावा म्हणून. तेवढ्यात कौशल्येनं सासऱ्याच्या बंडीची बाही धरली आणि त्याला ओढत रांजणापाशी नेलं. बाही वर सारून तिनं लोट्यामागून लोटा थंड पाणी त्या हातावर ओतलं. खळीचा थर निघून गेला, तरी ती ओततच राहिली. रांजणाचा तळ दिसेपर्यंत तिनं हात सोडला नाही. तिच्या डोक्यावरचा पदर कधीच खाली पडला होता. दादाजीनं तेवढ्या दुखण्यातही मान दुसरीकडं फिरवली.

रुपरावला निरोप गेला. त्यानं बापाला सायकलवर बसवून महालातल्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण होता, हलक्या हातानं काम करणारा. औषध लावून पट्टी बांधली, दर दुसऱ्या दिवशी यायला सांगितलं. दुसऱ्या खेपेला पट्टी सोडवताना ती जखमेला घट्ट चिकटलेली निघाली. डॉक्टरनं पाण्यानं भिजवली, हळूहळू सोडवली, तरी नवी कातडी तिच्याबरोबर निघून आली. दादाजी बाकाची कड डाव्या हातानं धरून बसला होता. घरी येईपर्यंत सायकलवर त्याला दोनदा भोवळ आली.

त्या संध्याकाळी तो भिंतीला टेकून बसला असताना स्वयंपाकघरातून सासूसुनेचं बोलणं कानावर आलं. कौशल्या सांगत होती की उमरेडला कोणी भाजलं तर माय केळीच्या सुरळीतलं कोवळं पान लावायची. पान गुळगुळीत असतं, ते जखमेला चिकटत नाही, आणि गार असतं. भागीरथा म्हणाली, ज्या केळीनं हात जाळला तीच आता हात बरा करणार काय? कौशल्या म्हणाली, "डाक्टरले विचारून पाहा न आत्याबाई."

पुढच्या खेपेला भागीरथा स्वतः दादाजीबरोबर दवाखान्यात गेली आणि भीत भीत विचारलं. तिला वाटलं डॉक्टर हसेल. डॉक्टरनं जरा विचार केला आणि मान हलवली. माझ्या आजोळी हेच करतात, तो म्हणाला. पण पान स्वच्छ पाहिजे, उकळत्या पाण्यातून काढून निववलेलं. रोज बदलायचं. ताप आला, वास आला तर तसंच निघून इकडं यायचं. "आणि एक महत्त्वाचं. प्रत्येक बोट वेगळं गुंडाळा, आणि दुखलं तरी दिवसातून दोनदा बोटं हलवायला लावा. एकत्र बांधाल तर एकत्रच जुळून येतील. मग हात वाचेल, पण मूठ वळणार नाही."

मूठ वळणार नाही, हे शब्द दादाजीनं घरी येईस्तोवर मनात धरून ठेवले. मूठ वळली नाही तर धोटा धरता येणार नाही. धोटा नाही तर माग नाही. बाकीचं त्याला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

पाच बोटांना पाच वेगळ्या गुंडाळ्या करायच्या म्हणजे नाजूक काम. भागीरथेची नजर तुटके धागे जोडून जोडून मंदावलेली. पहिल्याच दिवशी तिनं नखाशी पान फाडलं आणि जखमेला बोट लागलं. ती रडायला लागली. काम सुनेवर आलं. पण सून सासऱ्याचा हात हातात कशी घेणार, आणि तो तरी कसा देणार? त्यावर तोड भागीरथेनंच काढली. ओसरी आणि स्वयंपाकघर यांच्यामधल्या दाराशी दादाजीनं बाहेरच्या बाजूला पाठ टेकून बसायचं, आणि उजवा हात चौकटीतून मागं आत द्यायचा. आत कौशल्या बसलेली. आतून तिला तो दिसत नसे, आणि त्याला ती. रीत राहिली आणि हातही राहिला.

असा रोजचा नेम सुरू झाला. सकाळी कौशल्या केळीच्या मधली गुंडाळलेली सुरळी कापायची. उलगडली की आत पोपटी, ओलसर, बाळाच्या कानासारखं मऊ पान. ते उकळत्या पाण्यातून काढायचं, निववायचं, पट्ट्या कापायच्या, त्यावर जवसाच्या तेलाचा हात फिरवायचा. मग दाराशी येऊन ती बांगड्या वाजवायची. दादाजी हात आत द्यायचा आणि समोर पाहत राहायचा. समोर, न्हाणीच्या भिंतीवरून, केळ दिसायची.

कालचं पान सुटायचं तेव्हा ते नुसतं सरकून यायचं. ओढ नाही, टोचणं नाही. पहिल्या दिवशी तो श्वास धरून बसला होता, आता ओढेल मग ओढेल म्हणून. ओढलंच नाही. नवं पान टेकलं तेव्हा आग अशी निवाली, जणू चुलीतलं लाकूड कोणी बाजूला घेतलं. दादाजीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते पुसायला त्याच्याकडं डावाच हात होता.

पट्ट्या बांधायला सोपटाचा दोरा होता. कोष्ट्याला दोरा दिसला की तो पारखल्याशिवाय राहवत नाही. दादाजीनं बांधलेला हात तोंडापाशी आणून तो धागा नीट पाहिला आणि केळीकडं बघून म्हणाला, "धागा बरा हाय. पण ही गाठ कोष्ट्याची नाही."

आत कौशल्या सासूच्या कानाशी लागली. भागीरथा म्हणाली, "गाठ येते म्हणते तिले. तुमाले दुखन म्हणून सैल बांधली म्हणते."

दुसऱ्या दिवशी प्रत्येक बोटावर तुटलेला ताणा जोडतात तशी बारीक, सपाट, न सुटणारी गाठ होती.

मध्ये दादाजीचं पोट बिघडलं. दिवसातून कितीदा तरी न्हाणीमागं जावं लागे, अंगात त्राण उरेना. घरच्या केळीला अजून घड नव्हता. वच्छलाबाईनं आपल्या मळ्यातली कच्ची केळी पाठवली. कौशल्येनं ती सालीसकट उकडून कुस्करली, ताकात जिऱ्यामिठाबरोबर कालवली, आणि वाटीवाटीनं दिली. पोट बांधून आलं. मग तोंडाला चव यावी म्हणून पिकलेलं केळं, वर थोडं तूप. दादाजीनं आयुष्यात केळं फक्त सत्यनारायणाच्या प्रसादात खाल्लं होतं. आजाऱ्याचं अन्न इतकं गोड असतं हे त्याला नवीनच होतं, आणि ते खाताना त्याला थोडी लाजही वाटायची.

पोळा आला. गावात बैल सजले, तोरणाखाली उभे राहिले. दादाजी ओसरीत बसून घुंगरं ऐकत होता. भागीरथा केळीकडं पाहत म्हणाली, "पोळा झाला, अवो."

"उद्या तान्हा पोळा हाय न," दादाजी म्हणाला.

लाकडी बैलांचा तान्हा पोळाही झाला. भागीरथेनं पुन्हा आठवण केली. दादाजी म्हणाला, आता पितरं येतील, पानं लागतील जेवायला. पितरं झाल्यावर तो म्हणाला, दसऱ्याच्या तोंडावर कोणी हिरवं झाड तोडते काय? भागीरथा सगळं समजली आणि तिनं पुढं विचारणं सोडलं. पण कुंपणापाशी वच्छलाबाईला म्हणाली, "आमच्या घरी पोळा अजून सरला नाही माय."

त्याच दिवसांत दादाजीनं ऐकू नये ते ऐकलं. वच्छलाबाई केळीपाशी उभी राहून कौशल्येला रागवत होती. केळीची जात तिला ठाऊक, मळ्यात तेच पीक. तिचं म्हणणं, सुरळीमागून सुरळी कापून राहिली तर झाड पोसणार कशानं? पान म्हणजे केळीचं तोंड. आता केळफूल टाकायची वेळ, आणि तू तिचं जेवण काढून राहिली. पिल्लांची पानं का घेत नाही?

"पिल्लांची अरुंद हायेत," कौशल्या म्हणाली. "अंगठ्याले पुरत नाही."

"मंग घड येणार नाही ध्यानात ठेव. उमरेडले काय नेशील? मायच्या वर्षश्राद्धाले पहिला घड नेतो म्हणून बोलली होती न मले?"

सुरळी कापल्याचा आवाज आला.

"माय असती तर तिनंबी कापलीच असती सुरळी," ती म्हणाली.

दादाजीनं आपल्या हाताकडं पाहिलं. पाच हिरव्या गुंडाळ्या, पाच गाठी. या हातानं त्यानं किती लुगडी विणली असतील, त्यातलं एकही या पोरीच्या अंगावर नव्हतं. लग्नातलं लुगडं शेठजीच्या ठेवणीतलं होतं, दुसऱ्या कोणाच्या मागावरचं. हे त्याच्या आजवर ध्यानातही आलं नव्हतं. उपकार हा शब्द त्याच्या तोंडात कधी बसला नव्हता. तो मोठा शब्द होता, कीर्तनातला. त्यानं दुसरा शोधून पाहिला, पण सापडला नाही. आणि सापडला असता तरी सांगणार कुणाला? हवेला सांगितलं असतं तर भागीरथेला ते पुढं सांगावं लागलं असतं, आणि तिघंही अवघडून गेली असती.

दुसऱ्या दिवसापासून त्यानं दुखण्याची पर्वा करणं सोडलं. बोटं हलवायची वेळ आली की तो घामानं निथळायचा, दातावर दात धरायचा, पण एकही दिवस टाळला नाही. आतून बांगड्या थांबायच्या, म्हणजे ती पाहत असायची की बोटं किती वळली. दिवाळीच्या सुमारास गुलाबी, ताणलेली, नवी कातडी आली. बोटं सुटी होती, पाचही. दिवाळी उलटल्यावर एका सकाळी त्यानं धोटा हातात घेतला. मूठ पूर्ण वळली नाही, पण धोटा मुठीत राहिला. त्यानं तो फेकला. धोटा अर्ध्यात अडकला. त्यानं पुन्हा फेकला. तिसऱ्या की चौथ्या वेळी तो पार गेला आणि डाव्या हातात टपकन येऊन पडला. आत कांड्या भरायचा रहाट थांबला, आणि थोड्या वेळानं पुन्हा सुरू झाला. तो पूर्वीपेक्षा जरा जोरात फिरत होता, एवढं दादाजीच्या कानाला कळलं.

शेठजीनं डागाचा ताणा परत घेतला नव्हता, तो घरातच पडला होता. दादाजीनं तोच आधी मागावर चढवला. काठाला गुंजेच्या रंगाचं सूत घातलं. लुगडं उतरलं तेव्हा मधल्या घडीत ठिपक्यांची ती रांग जशीच्या तशी होती. घडी करून त्यानं ते सुनेच्या पेटीवर ठेवलं आणि बाहेर निघून गेला. भागीरथेला काही सांगावं लागलं नाही. कौशल्या ते नेसली, तेव्हा ठिपके पाठीवर, खांद्याशी आले, बरोबर जिथं तिनं त्या दिवशी पानं टाकली होती तिथं.

केळीनं घड टाकला तो उशिरा आणि लहान. वच्छलाबाईचं म्हणणं अर्धं खरं ठरलं. दोनच फण्या, तिसरी अर्धवट. माघात तो भरला. मायचं वर्षश्राद्ध आठवड्यावर आलं होतं. कौशल्येनं घडाकडं पाहिलं आणि सासूला म्हणाली, एवढासा घड घेऊन कोणत्या तोंडानं जाऊ, इथंच पिकवू. रुपरावलाही मिलमधून सुटी नव्हती.

दादाजी सकाळी उठला. आंघोळ केली, कौशल्येनं राखेच्या पाण्यात धुतलेलं पांढरं धोतर नेसला आणि विळा घेऊन न्हाणीमागं गेला. घड दिलेली केळ पुन्हा घड देत नाही. ती काढावीच लागते, म्हणजे पायाशी उभी असलेली पिल्लं वर येतात. त्यानं विळा उजव्या हातात धरला. मूठ वळली, आता पूर्ण वळली. घड कापून त्यानं डाव्या खांद्यावर घेतला आणि खोडावर घाव घातले. चीक धारेनं उडाला, धोतरावर आला. भागीरथा दारातून म्हणाली, "अवो, सरका न. धोतर गेलं तुमचं."

दादाजी सरकला नाही. खोड आडवं झालं. गाभा तुह्या दुखण्याले ठेव, तो भागीरथेला म्हणाला, आणि सोपटं वाळत घाल. मग खांद्यावर घड तसाच ठेवून तो वाटेला लागला. भागीरथेनं विचारलं, कुठं? "उमरेडले," तो चालता चालता म्हणाला.

मुलाचा बाप मुलीच्या माहेरी असा जात नाही. पोरीकडचे लोक येतात, वाकतात, आहेर ठेवतात. व्याह्याच्या दारी खांद्यावर ओझं घेऊन, न बोलावता गेलेला सासरा गावानं पाहिला नव्हता. वाटेत दोघांनी विचारलं, त्यांना दादाजीनं फक्त मान हलवली. उमरेड रस्त्यावर मोटार मिळाली. घड मांडीवर घेऊन तो बसला आणि वळणावळणाला त्याला सांभाळत राहिला.

कौशल्येचा बाप ताराचंद मागावर होता. व्याह्याला दारात पाहून तो घाबरून उठला, खड्ड्यातून वर यायला त्याला वेळ लागला. पोरगी बरी हाय न, एवढंच त्याच्या तोंडून आलं. बरी हाय, दादाजी म्हणाला, आणि घड खाली ठेवला. दोघं माणसं कमी बोलणारी. ताराचंदनं घड पाहिला, मग धोतर पाहिलं. धोतरावर डाग उमटायला सुरुवात झाली होती.

"इवाई, चीक पडला तुमच्या धोतरावर."

"हो."

"जाणार नाही तो."

"मले माहीत हाय," दादाजी म्हणाला. मग त्यानं उजवा हात पुढं केला, उघडला, मिटला, पुन्हा उघडला. "घड लहान हाय, इवाई. पानं या हाताले गेली."

ताराचंदनं तो हात दोन्ही हातांत घेतला, उलटासुलटा करून पाहिला, एखादं कापड पाहावं तसा. नवी कातडी, सुटी बोटं, वळणारी मूठ. "तिच्या मायनं शिकवलं तिले," तो म्हणाला. घड त्यानं उचलून आत नेला, धुण्याच्या दगडापाशी, जिथं जुनी केळ अजून उभी होती.

दादाजी परतला तेव्हा ऊन कललं होतं. धोतरावरचा डाग आता पुरता काताच्या रंगाचा झाला होता, गुडघ्यापासून खालपर्यंत. ओसरीत भागीरथा तांदूळ निवडत होती, दाराशी कौशल्या ठिपक्यांचं लुगडं नेसून रहाटावर बसली होती. त्याला पाहताच तिनं पदर ओढला. तो मागाच्या काठावर बसला. जरा दम घेतला. केळीच्या जागी दोन पिल्लं दिसत होती, त्यांना कोणीतरी नुकतंच पाणी घातलेलं होतं.

"पोरी," तो म्हणाला, "पाणी दे वं."

भागीरथेनं सवयीनं मान वळवली. "पाणी दे म्हणते..." एवढं तिच्या तोंडून निघालं आणि ती तिथंच थांबली. कौशल्या लोटा घेऊन आधीच समोर उभी होती. दादाजीनं उजवा हात पुढं केला आणि लोटा घेतला.